बिल ठरतं अर्ध्या तासात

श्रीगोंदा तालुक्यात संध्याकाळच्या धारा निघाल्या की गावोगावच्या संकलन केंद्रांवर किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागते. काष्टी असो, बेलवंडी असो की पिंपळगाव पिसा, वेळ तीच. वजन झालं, फॅट-एसएनएफ लागलं की दूध बल्क कूलरमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. कासेतून निघालेलं दूध सदतीस-अडतीस अंशांचं असतं, केंद्रावर येईतो पस्तीसच्या आसपास उतरतं, आणि नासायच्या आत ते चार अंशांवर न्यावं लागतं. हजार लिटर दुधाला एवढं गार करायचं तर जवळपास ३५ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. धड स्थितीतला कॉम्प्रेसर एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता उपसतो. म्हणजे हजार लिटरमागे ११-१२ युनिट वीज आली, आणि तीही लगेच, त्याच वेळी. दूध कुणासाठी थांबत नाही.

नेमक्या त्याच वेळी साऱ्या महाराष्ट्रात दिवे लागतात, टीव्ही सुरू होतात, मिक्सर फिरतात, आणि दिवसभर वीज देणारं सौर पॅनल अंधारात गेलेलं असतं. संध्याकाळी सातला वापरलेलं युनिट आणि दुपारी एकला वापरलेलं युनिट काम सारखंच करतं, पण ते पैदा करायला लागणारा खर्च सारखा नसतो. हा फरक आता बिलात उतरतो आहे, कारण मीटर वेळ लिहून ठेवायला शिकलं आहे. ही वेळेची नोंद कशी होते, तिचे पैसे कसे होतात आणि ती आपल्याला कशी तपासता येते, हे ज्याच्या नावावर मीटर आहे त्या प्रत्येकाला कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी जुना हिशेब पाहू. ॲल्युमिनियमची चकती फिरवणाऱ्या मीटरला फक्त बेरीज येत होती. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी रीडिंग घेणारा येई, चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा होई, आलेल्या आकड्याला गुणक अवयवानं गुणलं की युनिट तयार. घरच्या मीटरचा गुणक १ असतो, म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठ्या जोडणीत मात्र सगळा प्रवाह मीटरमधून नेत नाहीत. मुख्य तारेत १०० अँपिअर वाहत असताना मीटरला ५ अँपिअर देणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बसवला असेल तर मीटरवरच्या प्रत्येक युनिटाचे २० युनिट होतात. बिलावर ‘गु. अ.’ असा बारीक अक्षरात छापलेला हा आकडा चुकला तर मीटर निर्दोष असूनही बिल वर्षानुवर्षं चुकत राहतं. सीटीवरची पाटी आणि बिलावरचा गुणक जुळतो का, हे जोडणी घेताना एकदा आणि मीटर बदलताना पुन्हा एकदा पाहून घ्यावं.

घरगुती बिलाबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे: शंभरच्या वर एक जरी युनिट गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं होत नाही. २०२४-२५ मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० या टप्प्याला १० रुपये २९ पैसे असा वीज आकार होता. ११० युनिट जळले तर पहिल्या शंभराचे ४७१ रुपये आणि वरच्या दहाचे १०२ रुपये ९० पैसे, एवढाच हिशेब. त्यावर प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार, इंधन समायोजन असेल तर तेही, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर पुढे बदलले, बदलत राहतील. पायऱ्या चढत जाण्याची ही रीत मात्र कायम आहे. या हिशेबात वेळ कुठेच नाही. पहाटे तीनला चाललेला पंखा आणि संध्याकाळी सातला चाललेला पंखा एकाच भावाचा.

आता नवं मीटर. त्याच्या तोंडावर एक छोटा लाल दिवा उघडझाप करत असतो, आणि शेजारी एका युनिटाला किती उघडझापी हे छापलेलं असतं. समजा तो आकडा ३२०० आहे. मग घरात फक्त ९ वॅटचा एक एलईडी दिवा चालू ठेवला तर हा लाल ठिपका साधारण दोन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. दीड हजार वॅटचा गिझर लावला तर सेकंदाला एकाहून जास्त वेळा. मीटर जोरात पळतंय असा संशय असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून, माहीत असलेल्या वॅटचं एकच उपकरण लावून, घड्याळ हातात धरून या उघडझापी मोजाव्यात. प्रयोगशाळेची सर त्याला येणार नाही, पण मोठा घोटाळा असेल तर तो घरच्या घरी उघडा पडतो.

मीटरच्या आत एक घड्याळही असतं. ठरलेला कालखंड संपला की त्या कालखंडात किती युनिट गेले हे मीटर एका ओळीत लिहितं आणि पुढची ओळ सुरू करतं. कालखंड अर्ध्या तासाचा धरला तर दिवसाच्या ४८ ओळी, तीस दिवसांच्या १,४४०. वीज कंपनीच्या कार्यालयात याला ‘लोड सर्व्हे’ म्हणतात. पूर्वी ही नोंद मीटरला यंत्र लावून उतरवून घ्यावी लागे, त्याला एमआरआय करणं म्हणत. मोठ्या ग्राहकांकडे मोडेम आले, आता स्मार्ट मीटर ही नोंद आपणहून पाठवतं. महिन्याच्या एका आकड्याच्या जागी दीड हजार आकडे हाती आले, आणि बिलाची सगळी नवी गणितं त्यातूनच निघतात.

पहिलं गणित वेळेनुसार दराचं, म्हणजे टीओडीचं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशांनुसार उद्योगांसाठी बरीच वर्षं, २०२५ च्या मध्यापर्यंत, दिवसाचे चार तुकडे होते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटामागे दीड रुपयाची सूट. सकाळी ६ ते ९ आणि दुपारी १२ ते ६ मूळ दर. सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा. संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. असा दर लागू असलेलं एक दूध शीतकरण केंद्र डोळ्यांसमोर आणू. महिन्याचा वापर ६,००० युनिट. दीड हजार ओळी या चार तुकड्यांत वाटल्या तर समजा रात्रीचे १,२००, सकाळच्या गर्दीचे ९००, संध्याकाळचे १,५०० आणि मूळ दराचे २,४०० युनिट निघाले. रात्रीची सूट १,८०० रुपये, सकाळचा जादा आकार ७२०, संध्याकाळचा १,६५०. गोळाबेरीज ५७० रुपये भुर्दंड. याच केंद्रानं संध्याकाळचे ६०० युनिट रात्रीत नेले असते तर ५७० च्या भुर्दंडाऐवजी ९९० रुपये सूट पदरात पडली असती. एकूण वापर तेवढाच, एक युनिटही कमी नाही, आणि बिलात १,५६० रुपयांचा फरक.

दूध थांबत नसेल तर संध्याकाळचे युनिट हलवायचे कसे? त्याची तोड दुग्धव्यवसायाकडे फार आधीपासून आहे: आइस बँक टाकी. स्वस्त वेळेत कॉम्प्रेसर चालवून टाकीतल्या नळ्यांवर बर्फ धरवायचा, आणि दूध आलं की त्या बर्फगार पाण्यानं ते गार करायचं. हजार लिटर दुधाची ३५ युनिट उष्णता शोषायला पावणेचारशे किलोच्या आसपास बर्फ पुरतो. संध्याकाळी मग कॉम्प्रेसरऐवजी पाण्याचा छोटा पंप फिरतो. टाकीचा खर्च मोठा असतो हे खरं, पण तो परवडतो की नाही हे ठरवायला हाताशी पाहिजे ती लोड सर्व्हेची ओळन् ओळ. एकूण युनिटाचा आकडा पाहून हा निर्णय घेताच येत नाही.

दुसरं गणित मागणीचं, आणि ते कमी लोकांना कळतं. कुकडी कालव्याच्या चारीतून वर्षभरात एकूण किती पाणी गेलं यावर चारीची रुंदी ठरत नाही. आवर्तन सुटल्यावर एका वेळी जास्तीत जास्त किती वाहणार, यावर ठरते. तारा, रोहित्रं, उपकेंद्रं यांचंही असंच. म्हणून मोठ्या ग्राहकाकडून युनिटाचे पैसे वेगळे आणि त्यानं एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली याचे वेगळे घेतले जातात. ही कल्पना इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडली आणि ब्रायटनचे आर्थर राइट यांनी सर्वोच्च मागणी दाखवणारं उपकरण तयार केलं.

आपल्याकडे ‘एका वेळी’ म्हणजे किती वेळ? आयोगाच्या दर-आदेशांतली व्याख्या अशी, की लागोपाठच्या तीस मिनिटांत गेलेल्या युनिटांपैकी महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा आणि त्याची दुप्पट करायची. एखाद्या अर्ध्या तासात १८ युनिट गेले तर मागणी ३६ किलोवॅट. दीड हजार ओळींपैकी एकच ओळ, आणि महिन्याचा मागणी आकार तिच्यावर. उच्चदाब ग्राहकाला तर ती ओळ पुढेही सोडत नाही. आयोगाच्या आदेशांत वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा: ठरवून दिलेल्या वेळेतली या महिन्याची प्रत्यक्ष मागणी, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च बिल-मागणीच्या ७५ टक्के, आणि करार मागणीचा ठरवून दिलेला टक्का, या तिन्हींत जो आकडा मोठा असेल त्यावर आकारणी. करार मागणी ओलांडली तर वरच्या भागाला दीडपट दर.

इथेही एक गैरसमज आहे. मोटार सुरू होताना प्रवाह पाच-सहापट उसळतो, म्हणून मागणी वाढते असं अनेक कारखानदार सांगतात. ३० किलोवॅटची मोटार पाच सेकंद सहापट जोरानं ओढते असं धरलं तरी त्या पाच सेकंदांत जेमतेम पाव युनिट जातं. अर्ध्या तासाच्या १५ युनिटांत ते कुठल्या कुठे बुडून जातं. मागणी वाढवतात त्या अर्धा-अर्धा तास एकत्र चालणाऱ्या मोटारी. कॉम्प्रेसर जोरात असताना बोअरची मोटार आणि कॅन धुण्याचा हीटर तेवढा वेळ बंद ठेवला, तर १८ युनिटांची ओळ १५ वर येते आणि ३६ किलोवॅटचे ३० होतात. त्याला नवं यंत्र लागत नाही. पाळ्या लावणारा माणूस शहाणा असला की झालं.

तिसरं गणित पॉवर फॅक्टरचं. मोटार कामाच्या विजेबरोबर चुंबकत्वासाठीही प्रवाह ओढते. तो कामाला येत नाही, पण तारा भरून टाकतो. २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना साध्या युनिटाऐवजी केव्हीएएच या एककात आकारणी होते, ज्यात हा प्रवाहही मोजला जातो. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १०० युनिटांच्या कामाला १२५ ची आकारणी. कपॅसिटर बँकेतली एखादी पेटी जळून पडलेली असते आणि बिल फुगेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. लोड सर्व्हेत तो दिवस, ती वेळ स्पष्ट दिसते.

वीज कंपनीला वेळेची एवढी चाड का, याचंही उत्तर हिशेबातच आहे. महावितरणला स्वतःलाच वीज पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावी लागते. दिवसाचे ९६ तुकडे. उद्या कोणत्या तुकड्यात राज्यात किती वीज लागेल हे आदल्या दिवशी ठरवून ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचं, आणि प्रत्यक्षात कमी-जास्त झालं तर त्या फरकाचे पैसे वेगळे मोजायचे. बाजारातही भाव तुकड्यागणिक. भर दुपारी सौर विजेची रेलचेल असते तेव्हा भाव कोसळतो, संध्याकाळी तोच कित्येकदा वीज बाजाराच्या दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. वीज कायदा २००३ मधला. त्याखालच्या ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन उन्हाच्या तासांत स्वस्त आणि चढ्या मागणीच्या तासांत महाग अशी आकारणी देशभर ठरली. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटाला ८० पैसे सूट मिळू लागली. त्या वेळेत महिन्याला ४० युनिट गेले तर वीज आकारातून ३२ रुपये कमी. रक्कम लहान आहे, पण दिशा मोठी आहे. रात्री मशीन चालवली की वाचतं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. आता स्वस्ताई उन्हात आली. पिठाची गिरणी, कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याची मोटार, आइस बँक, सगळ्यांनी आपलं वेळापत्रक पुन्हा मांडायला हवं. कालखंड आणि दर आदेशागणिक बदलतात, तेव्हा ताज्या बिलावर काय छापलंय ते आधी वाचावं.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात राग आहे, भीती आहे. जून २०२४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं, की सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही. माझं मत असं, की ज्यानं आपल्या घराची दिनचर्या अर्ध्या-अर्ध्या तासानं लिहून घ्यायची त्यानं ती नोंद आधी घरमालकाच्या हातात द्यायला हवी. कधी घरात कुणी नसतं, कधी जाग असते, हे त्या ओळींतून वाचता येतं. ती माहिती ग्राहकाची आहे. आणि ती हातात आली तर तिचा उपयोग करून घेता आला पाहिजे.

तपासायचं ते असं. सगळ्या अर्ध्या तासांची बेरीज आणि महिन्याच्या दोन रीडिंगमधला फरक तंतोतंत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर मधल्या ओळी गहाळ आहेत. रेंज नसली तर नोंद मीटरमध्येच राहते आणि नंतर जाते. तरीही पोकळी उरली तर ती अंदाजानं भरली जाते, आणि अंदाज कुठल्या तासांत टाकला यावर पैसे बदलतात. दुसरं, मीटरचं घड्याळ. मीटरच्या पडद्यावर वेळ फिरून फिरून दिसते; ती मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावी. घड्याळ वीस मिनिटं मागं पडलं असेल तर संध्याकाळची वीस मिनिटं रोज चुकीच्या तुकड्यात जातात. तिसरं, मीटर ठरावीक दिवसांचीच सविस्तर नोंद जपतं, जुन्या ओळींवर नव्या ओळी चढतात. म्हणून शंका आली की लगेच लेखी अर्ज करून नोंद उतरवून मागावी. मीटर सदोष निघालं तर आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं, आणि वीज कायद्याच्या कलम ५६(२) प्रमाणे दोन वर्षांपूर्वीची, बिलात सतत न दाखवलेली थकबाकी वसूल करता येत नाही. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि तिथं लोड सर्व्हेच्या कागदाइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

एवढं सगळं झालं, पण श्रीगोंद्यातली बरीच वीज या हिशेबाच्या बाहेरच आहे. ऊस, लिंबोणी, द्राक्षं यांना पाणी उपसणाऱ्या कितीतरी मोटारींना राज्यभर मीटरच नाही. त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघतं. पाच एचपीची मोटार प्रत्यक्षात ५ किलोवॅटच्या आसपास ओढते. आठ तास चालली तर ४० युनिट, डीपी, म्हणजे रोहित्र, जळून आठ दिवस बंद राहिली तर शून्य. बिल दोन्ही वेळा तेच. एकूण शेतीवापर किती, हे उपकेंद्रातल्या फीडरच्या मीटरवरून, गळती आणि मोजलेला वापर वजा करून, अंदाजानं काढलं जातं. २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतकऱ्याचं बिल सरकार भरतं. शेतकऱ्याला ते पैसे द्यावे लागत नाहीत, पण सरकारी तिजोरीतून जे जातात ते याच अंदाजावर जातात.

शेतकऱ्याला वेळेच्या नोंदीचा उपयोग बिलापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी जास्त आहे. थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन दारं धरायची. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिल्या काहींपैकी एक प्रकल्प झाला, तो दिवसा वीज मिळावी म्हणूनच. दिवसाचे आठ तास खरोखर मिळाले का, किती वेळा ट्रिप झाली, व्होल्टेज किती पडलं, हे फीडरच्या मीटरमध्ये ओळीनं लिहिलेलं असतं. आणि डीपीचं म्हणाल तर १०० केव्हीएच्या रोहित्रावर पाच एचपीच्या सोळाएक मोटारी नीट चालतात. आवर्तन सुटलं, विहिरी भरल्या, लाईट आली की ऑटो स्विचवरच्या पंचवीस मोटारी एका दमात उठतात आणि रोहित्र तापून जळतं. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर करा, दुरुस्तीला न्या. केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत फीडर आणि रोहित्रांवरही नोंद ठेवणारी मीटर बसवायची आहेत. ज्या वस्तीच्या डीपीवर असं मीटर बसलं असेल तिथल्या शेतकऱ्यांनी जळण्याआधीच्या पंधरा दिवसांची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद अर्ज करून मागावी. कोणत्या तारखेला, किती वाजता रोहित्रावर क्षमतेपेक्षा किती जास्त भार होता हे त्या कागदावर असेल, आणि जादा डीपीच्या मागणीला तोच कागद जोडता येईल.